चाल कोणाची?

गाणारी स्त्री आमच्या समाजाने आता पुरती स्वीकारली आहे. शंभर वर्षांपूर्वी घरंदाज कुटुंबांत ज्या गोष्टीचा उच्चार करण्याचीही चोरी होती, तीच आज भूषणाची झाली असून, मुलीस गाणे येते हे चारचौघांत सांगताना आईबापांचा ऊर भरून येतो. या पालटाबद्दल आम्हांस आनंदच आहे. परंतु याच आईबापांस, याच रसिकांस आणि या रसिकांसाठी लेखणी चालविणाऱ्या समीक्षकांस 'ही चाल कोणाची?' असा साधा प्रश्न करून पाहावा. उत्तरादाखल ओठी येणारे नाव बहुधा पुरुषाचेच असते. गळा तिचा, रचना त्याची, अशी ही वाटणी आमच्या मनांत इतकी खोल मुरली आहे की, ती वाटणी आहे याचेच भान आम्हांस उरलेले नाही. ही वाटणी निसर्गाने केली नसून व्यवहाराने केली आहे आणि ती मोडणे हे संगीताच्याच हिताचे आहे, एवढे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम नीट मांडणे न्यायाचे होईल. कित्येक सुविद्य गृहस्थ म्हणतात की, स्त्रीच्या ठायी भावना आहे, ग्रहणशक्ती आहे, गळ्यात माधुर्य आहे; परंतु स्वरांची नवी इमारत उभारण्यास जी बुद्धी लागते ती तिच्या ठायी कमी आहे. पुरावा काय, तर मोजदाद. थोर रचनाकारांची नावे मोजा म्हणतात, आणि त्यांत स्त्रिया किती ते सांगा. हा युक्तिवाद ऐकून आम्हांस नेहमी एका सावकाराची आठवण होते, जो दुकानास कुलूप घालून आत बसतो आणि गिऱ्हाइके येत नाहीत म्हणून गावाच्या दारिद्र्यावर व्याख्यान देतो. नावे मोजण्यापूर्वी नाव लावण्याची मुभा कोणास होती, हे पाहावयास नको काय?

युरोपचा दाखला या मंडळींस प्रिय असतो, म्हणून तो आम्हीही घेतो. फेलिक्स मेंडेल्सन या विख्यात रचनाकाराच्या ओपस ८ व ओपस ९ या गीतसंग्रहांत मिळून सहा गीते त्याची नव्हेतच. ती त्याची थोरली बहीण फॅनी हिची आहेत. १८४२ साली राणी व्हिक्टोरियाने त्या संग्रहांतील आपले आवडते म्हणून जे गीत निवडले, ते बहिणीचे असल्याची कबुली खुद्द फेलिक्सला राणीपुढे द्यावी लागली. फॅनीने साडेचारशेंच्या वर रचना केल्या, आणि स्वतःच्या नावावर त्या छापण्यास आरंभ केला तो १८४६ साली, म्हणजे मृत्यूच्या जेमतेम एक वर्ष आधी. तिच्या वडिलांनी तिला लहानपणीच बजावले होते की, संगीत हा भावाचा व्यवसाय होऊ शकेल, तुझ्यासाठी ते अलंकारच राहिले पाहिजे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संगीतगृहात एका स्त्रीने रचलेला ऑपेरा १९०३ साली झाला. त्यानंतर दुसऱ्या स्त्रीचा ऑपेरा तेथे होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. या एकशे तेरा वर्षांत युरोप-अमेरिकेतील स्त्रियांची बुद्धी झोपी गेली होती, असे म्हणावयाचे धाडस कोणी करील काय? झोपी गेला होता तो दरवान.

आता आपल्या घराकडे वळू. आमच्या चित्रपटसंगीताच्या अगदी आरंभी एक स्त्री संगीत-दिग्दर्शिका म्हणून उभी आहे. १९३६ च्या 'अछूत कन्या'चे संगीत सरस्वती देवी यांचे. हे त्यांचे मूळ नाव नव्हते. त्या खुर्शीद मिनोचर-होमजी या पारशी कुटुंबातील विदुषी; समाजातील विरोधामुळे त्यांस नाव बदलून काम करावे लागले. पुढे लता मंगेशकर यांनी १९५० साली 'राम राम पाव्हणं' या मराठी चित्रपटास संगीत दिले, आणि त्यानंतर 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या चित्रपटांचे संगीत 'आनंदघन' या नावाने केले. १९६५ च्या 'साधी माणसं'च्या चाली आज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत मुखोद्गत आहेत. नाव बदलण्याची कारणे या दोन प्रसंगी निराळी होती, हे आम्ही जाणतो. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. गाताना जिला आपले नाव लपविण्याची कधीच गरज पडली नाही, त्याच बाईच्या रचनांवर मात्र पुरुषी वळणाचे टोपणनाव आले. पुष्कळ श्रोत्यांस आनंदघन म्हणजे कोणी गृहस्थच वाटत असल्यास नवल नाही. आणि त्या गृहस्थाच्या चालींत स्त्रीसुलभ कोमलता तेवढीच आहे व रचनेची ताकद नाही, अशी तक्रार आम्ही तरी कोणाकडून ऐकलेली नाही! ऐरणीवर घण घालणाऱ्या माणसांच्या गाण्याला ज्या हाताने ताल दिला, तो हात बाईचा आहे हे ठाऊक नसल्यामुळेच की काय, कोणास त्यात काही उणे दिसले नाही.

मीना खडीकर यांची बालगीते म्हटल्याखेरीज मराठी घरांतील दोन पिढ्यांचे बालपण पुरे झालेले नाही. परंतु ही चाल कोणाची, असे विचारल्यास किती घरांतून त्यांचे नाव येईल? मुलांचे गाणे म्हणून ते सोपे, आणि सोपे म्हणून कोणाचेही, असा आमचा हिशेब असतो. वास्तविक पाच वर्षांच्या मुलाच्या गळ्यास झेपेल आणि साठाव्या वर्षीही विसरणार नाही अशी चाल बांधणे ही रचनाकाराची कठीण कसोटी होय. हिंदीत उषा खन्ना यांनी १९५९ साली 'दिल देके देखो'पासून आरंभ करून दशकानुदशके काम केले. अलीकडे इंदूरच्या मराठी घरातील स्नेहा खानवलकर यांनी २०१२ च्या 'गँग्ज ऑफ वासेपूर'साठी बिहारच्या गावोगाव हिंडून तेथले आवाज व तेथल्या गाण्याची ढब आपल्या रचनेत आणली. नावे आहेत, कामही आहे. परंतु प्रत्येक नाव 'अपवाद' म्हणून सांगितले जाते, आणि अपवादांची माळ कितीही लांबली तरी नियम बदलावा असे कोणाच्या मनात येत नाही.

याचे एक कारण अगदी व्यवहारातले आहे. गाणाऱ्या बाईस ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तासभर उभे राहावयाचे असते. संगीत देणाऱ्या माणसास पन्नास वादकांस हुकूम द्यावयाचा असतो, निर्मात्याशी पैशाची घासाघीस करावयाची असते आणि रात्री दोन वाजेपर्यंत जागावयाचे असते. पहिल्या कामात बाई चालते. दुसऱ्यात अधिकार येतो, म्हणून ती चालत नाही. यात बुद्धीचा संबंध कोठे आला? आम्हांस स्त्रीची रचना खपत नाही असे नव्हे. स्त्रीचा हुकूम खपत नाही.

रागसंगीतात तर प्रतिपक्षाचा मुद्दा मुळीच टिकत नाही. येथे गाणारा आणि रचणारा यांच्यामध्ये भिंत नाही. ख्याल गाणे म्हणजे दर बैठकीस रागाची नवी मांडणी करणे. अशा गायनात वरच्या पायरीवर पोचलेल्या स्त्रीस रचनाबुद्धी नाही असे म्हणणे म्हणजे नदीत पाणी नाही असे म्हणण्यासारखे आहे. डॉ. प्रभा अत्रे यांनी अपूर्वकल्याण, मधुरकंस, दरबारीकंस असे राग सिद्ध केले, शेकडो बंदिशी रचल्या आणि त्या स्वरलिपीसह पुस्तकरूपाने ठेवल्या. मारूबिहाग व कलावती या रागांतील त्यांच्या बंदिशी आज घराण्यांची कुंपणे ओलांडून तरुण गायक-गायिका शिकतात. २०२४ साली त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या गाण्याची थोरवी गाणारे लेख पुष्कळ आले. त्यांच्या रचनांची चिकित्सा करणारे किती आले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी आपल्या बंदिशी 'रागरचनांजली' या नावाने प्रसिद्ध केल्या. त्याही वाट पाहत आहेत ती समीक्षकाची. किशोरी आमोणकर यांनी १९९० च्या 'दृष्टी' या चित्रपटास संगीत दिले. भक्तिसंगीतातील त्यांचे एक काम तर आमच्या या विवेचनासाठीच झाले असावे असे वाटते. संत सोयराबाईंचा एक अभंग त्यांनी भैरवीत बांधला आणि गाइला. शब्द स्त्रीचे, चाल स्त्रीची, गळा स्त्रीचा. आणि महाराष्ट्राने तो अभंग डोक्यावर घेतला. येथे तिसऱ्या श्रेयाचाच तेवढा गाजावाजा होतो, पहिली दोन श्रेये मात्र तळटिपेत जातात.

परंतु ज्यांची पुस्तके निघाली, ज्यांस पद्म पदव्या मिळाल्या, त्यांचे नाव काही बुडत नाही. आमची खरी तक्रार ज्यांना तळटीपही नाही अशांच्या वतीने आहे, आणि त्यासाठी वाचकांस चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, माणिकगडच्या पहाडावर, जिवती तालुक्यात येण्याचे श्रम आम्ही देणार आहो.

जिवती हा तेलंगणास भिडलेला डोंगरी मुलूख. त्यातील चौदा गावांवर दोन राज्ये हक्क सांगतात, यावरून त्याची सीमा किती अस्पष्ट आहे हे ध्यानात येईल. गाण्याची सीमा त्याहून अस्पष्ट आहे. येथे गोंड आहेत, प्रधान आहेत, कोलाम आहेत; मराठवाड्यातून पोटासाठी पहाड चढून आलेली कुटुंबे आहेत; बंजाऱ्यांचे तांडे आहेत. एका दिवसाच्या पायपिटीत गोंडी, कोलामी, गोरमाटी आणि मराठवाडी वळणाची मराठी अशा चार बोली कानी पडतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोंडी बोलणारे देशात तीस लाखांच्या घरात होते, कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या थोडे वर. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत या दोहोंपैकी एकही भाषा नाही.

या पहाडावर संगीताची वाटणी कशी आहे? गोंडांच्या वंशगाथा किंगरीवर गाणारा प्रधान पुरुष आहे. दिवाळीच्या घुसाडीत व ढेमशाच्या नाचात ढोल घेणारे हात पुरुषांचे आहेत. विद्वानांचे लक्ष प्रथम गेले तेही इकडेच. परंतु लग्नाच्या मांडवात, पाळण्याशी, निंदणीच्या बांधावर, तांड्यातील सणात आणि मराठवाडी घराच्या जात्यावर जे गाणे होते ते बाईचे आहे. एकीने ओळ उचलावी, बाकीच्यांनी झेलावी. पुढच्या ओळीस पहिलीने स्वर किंचित वर न्यावा, एखादी मात्रा लांबवावी, नव्या नवरीचे किंवा नव्या दुःखाचे नाव आत घालावे आणि ओळ पुन्हा मूळ ठिकाणी आणून ठेवावी, अशी ही रीत. याला रचना म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे? मराठी ओवीपुरते बोलावयाचे तर जात्यावर बसणारी बाई चालीस 'गळा' असा शब्द वापरते. शब्द तेच राहतात आणि गळा बदलतो. आपल्या गावाचा गळा निराळा, सासरचा निराळा, हे भेद त्या बायांस आमच्या संगीतपदवीधरांहून चोख कळतात. गी पॉइतवाँ आणि हेमा राइरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामातील शहाणपण हे की, ओवीशेजारी ती म्हणणाऱ्या बाईचे नाव व गाव नोंदले. एवढ्या एका साध्या नोंदीने 'लोक' या निराकार शब्दाच्या जागी माणसे उभी राहिली.

आणि आमच्या नित्याच्या व्यवहारात काय होते? खेड्यातील बाईने गाइलेली चाल कोणीतरी उचलतो, तीत चार वाद्ये भरतो, आणि गाणे प्रसिद्ध होते तेव्हा त्यावर लिहिलेले असते: गीत पारंपरिक, संगीत अमुक-अमुकराव. परंपरेचा हा उपयोग फार सोयीचा आहे. ज्या क्षणी एखादी चाल बाईच्या तोंडून आली, त्या क्षणी ती सर्वांची झाली. ज्या क्षणी ती अमुकरावांच्या हाती लागली, त्या क्षणी ती त्यांची झाली. सार्वजनिक विहिरीतून घागर भरून ती स्वतःच्या मळ्याचे पाणी म्हणून विकण्याचा हा धंदा आहे, आणि 'पारंपरिक' हा शब्द त्या धंद्याचा परवाना आहे.

कायद्यानेही पुष्कळ काळ या अन्यायास आधार दिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील मूळ व्याख्येप्रमाणे संगीतकृती म्हणजे लिहिलेली, छापलेली किंवा अन्य रीतीने चिन्हांकित केलेली स्वररचना. म्हणजे जी बाई अक्षरशत्रू, तिने रचलेली चाल कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हती! १९९४ च्या दुरुस्तीने ही अट गेली. ती दुरुस्ती १९९५ साली अमलात आल्यापासून स्वरलिपीत नोंद असो वा नसो, रचणारा तो रचनाकार, असे कायदा स्पष्ट म्हणतो. २०१२ च्या दुरुस्तीने रचनाकाराचा मोबदल्यातील वाटा त्यास हिरावता येणार नाही अशी तजवीज केली. कायदा सुधारला, हे उत्तमच. परंतु हक्क बजावावयाचा तर आधी नाव लागते, आणि नावाच्या जागी आम्ही 'पारंपरिक' लिहून ठेवले आहे. सुधारलेल्या कायद्याचे दार उघडे आहे आणि आत जाण्याचे पत्र मात्र आम्हीच फाडून टाकले आहे.

येथे प्रतिपक्षातील एक विचारी माणूस उठून म्हणेल की, लोकगीत खरोखरच कोणा एकाचे नसते. ते पिढ्यानपिढ्या घडते. त्यावर एका व्यक्तीचे नाव लावणे हा पाश्चात्त्य व्यक्तिवादाचा आंधळा अनुकार आहे. हा आक्षेप खरा विचार करण्याजोगा आहे, आणि त्यातील अर्धा भाग आम्हांस मान्यही आहे. गोंडी लग्नगीत एका बाईचे नव्हे, हे खरे. परंतु त्याचा अर्थ ते कोणाचेच नाही असा होत नाही. ते त्या गावाचे, त्या बायांचे आहे. तेव्हा गाव लिहा, टोळी लिहा, ज्यांच्याकडून घेतले त्या बायांची नावे त्यांच्या संमतीने लिहा, आणि मोबदला येईल तो त्या गावास द्या. सामुदायिक मालकीचा आदर करावयाचा तर समुदायाचे नाव घ्यावे लागते. ते न घेता फक्त संगीत देणाऱ्याचे नाव घेणे यात समुदायभाव कोठे आहे? दुसरे असे की, रचनेवर नाव घालणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली रीत मुळीच नव्हे. आमच्या अभंगांत मुद्रा आहे, ख्यालांत सदारंग-अदारंगांची नावे आहेत. जनाबाई आपल्या अभंगात स्वतःचे नाव सांगतात. मात्र तेथेही त्यांची ओळख नामदेवाच्या नावाने येते, आणि सोयराबाईंची चोखोबाच्या नावाने. सातशे वर्षांपूर्वी या स्त्रियांनी निदान पुरुषाच्या नावाला टेकून तरी आपली मुद्रा उमटविली. आज छापखाने, ध्वनिमुद्रणे आणि कायदे हाताशी असताना आम्ही पहाडावरच्या बाईस तेवढेही देऊ नये, ही कोणती प्रगती?

हे सर्व तातडीने बोलण्याचे कारण आहे. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. बाईचे कष्ट वाचले याचा आम्हांस आनंद आहे, आणि ओवीसाठी तिने पुन्हा जात्यावर बसावे असे म्हणणाऱ्या हौशी संस्कृतिरक्षकांत आमची गणना कोणी करू नये. परंतु श्रम गेले तेव्हा त्या श्रमाबरोबर चालणारी रचनाशाळाही बंद झाली. आश्रमशाळेत जाणारी कोलाम मुलगी मराठी कविता पाठ करते, हेही योग्यच; मात्र आजीची चाल ही शिकण्याची गोष्ट आहे असे तिला तेथे कोणी सांगत नाही. लग्नात ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या राहतात, आणि मांडवातील बाया, ज्या काल रचनाकार होत्या, त्या आज श्रोत्या होतात. ज्यांच्या गळ्यात हे भांडार आहे त्या म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्या गेल्यावर आम्ही लोकसंगीताच्या ऱ्हासावर परिसंवाद भरवू, आणि व्यासपीठावर संगीतकार म्हणून बसतील ते सारे पुरुषच असतील.

करावयाचे ते फार अवघड नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांतील संगीत, मराठी व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दर सुटीत जिवतीसारख्या एका तालुक्यातील गाणी ध्वनिमुद्रित करावी, आणि प्रत्येक नोंदीवर गाव, बोली, प्रसंग व गाणाऱ्या बाईने अनुमती दिल्यास तिचे नाव असावे; ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या गावच्या शाळेत ठेवावी. आश्रमशाळांनी महिन्यातून एक तास गावातील जाणत्या बाईस गुरू म्हणून बोलवावे आणि तिला मानधन द्यावे. पाहुणी कलावती म्हणून शाल-नारळावर बोळवण करू नये. संगीतपदवीच्या अभ्यासक्रमात प्रभा अत्रे, किशोरी आमोणकर, आनंदघन यांच्या रचनांचा अभ्यास रचनाकार म्हणून व्हावा. पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी 'पारंपरिक' असे लिहिलेल्या गाण्यास चालीचे पारितोषिक देण्यापूर्वी, परंपरा कोणत्या गावची, एवढे विचारावे. आणि आमच्यासारख्या मासिकांतून परीक्षणे लिहिणाऱ्यांनी गायिकेच्या आवाजास मध, मोरपीस आणि चांदणे यांची उपमा देऊन झाल्यावर, तिच्या रचनेविषयीही दोन परिच्छेद लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

स्त्रीला रचनाबुद्धी आहे किंवा नाही, हा वाद आमच्या मते संपलेलाच आहे. तो आनंदघनांनी संपविला, प्रभाताईंनी संपविला, आणि त्यांच्याही कितीतरी आधी जात्यावर बसलेल्या, मांडवात उभ्या राहिलेल्या निनावी बायांनी संपविला. उरला आहे तो फक्त नोंदवहीचा प्रश्न. नोंदवही आमच्या, शिकलेल्या माणसांच्या, हाती आहे. चाल कोणाची, या रकान्यात यापुढे काय लिहावयाचे ते आम्हीच ठरवावयाचे आहे.